बकुळेला लागलेली सवय

बकुळा हिसके द्यायची, पण फक्त चंदूला. गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोलही तेच. कस्तुरी चालवायला बसली की बकुळा निमूट पळायची, आणि चंदू बसला की पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना असा धक्का द्यायची, की मागच्या सीटवरची उशी खाली पडायची. करंबळीच्या सड्यावर सगळे याच एका गोष्टीवर डोकं खाजवत होते. सगळे म्हणजे कस्तुरी सोडून. तिला या कोड्याचं उत्तर नकोच होतं, कारण ते न सुटण्यातच तिचा फायदा होता.

तोवर रस्त्यावरच्या गाड्या विजेवर आणि आपल्या आपण चालू लागल्या होत्या. माणसं आत बसून खुशाल डुलक्या काढत. स्टिअरिंग हातात धरून गाडी चालवणं हा आता छंद झाला होता, आणि तोही बंद आवारात. कस्तुरीचे आजोबा, डॉ. विश्राम साळगावकर ऊर्फ अप्पा, यांनी अख्खं आयुष्य गिअरबॉक्सच्या अभ्यासात घालवलं होतं. (गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाचा जोर आणि चाकांचा वेग यांचा मेळ घालणारी दातेरी चाकांची पेटी.) निवृत्त झाल्यावर त्यांनी कोकणातल्या या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जुन्या गाड्यांचं संग्रहालय उभं केलं. आवारातलाच एक रस्ता दोन वळणं घेत खाली दरीत उतरायचा आणि दुसऱ्या बाजूनं वर यायचा. या रस्त्यावर तेरा वर्षांच्या मुलालाही गाडी चालवता येई, फक्त शेजारी जास्तीचा ब्रेक पायाखाली घेऊन एक मोठं माणूस बसलेलं हवं. कस्तुरीच्या शेजारी बाबूमामा बसायचा. विजेच्या गाड्या येईपर्यंत मामानं याच घाटात टेम्पो चालवला होता, आणि आता तो संग्रहालयाचं गॅरेज सांभाळत होता.

बकुळा ही मोरपंखी रंगाची जुनी ऑटोमॅटिक गाडी. हिला क्लचचा पायडल नाही आणि चालकाला गिअर बदलावे लागत नाहीत, ते ती स्वतःच बदलते. दरवर्षी संग्रहालयाच्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर अप्पा स्वतः बकुळेला दरीत उतरवून वर आणत. यंदा त्यांचे गुडघे हटून बसले आणि नजरही अंधुक झाली. गणपतीतच त्यांनी सांगून टाकलं होतं की यंदा बकुळा कस्तू चालवणार. कस्तुरीनं त्या दिवसापासून मनात किती मांडे खाल्ले होते ते तिचं तिलाच माहीत.

आणि मग पुण्याच्या प्रयोगशाळेतून चंदू आला.

चंदू यंत्रमानव होता. उंचीला कस्तुरीच्या खांद्याएवढा, दुधी रंगाचा, पावलं अगदी मऊ टाकणारा. पुढच्या वर्षी त्याला चंद्रावर जाऊन दगडमाती वाहणारी अवजड गाडी चालवायची होती. त्या गाडीचा गिअरबॉक्स स्वतः शिकणारा होता, आणि तशा जातीची चालती गाडी आता अप्पांकडेच उरली होती. प्रयोगशाळेनं दिलेलं त्याचं नाव आकडे आणि अक्षरांचं होतं. अप्पांनी पहिल्याच दिवशी ते बाजूला सारलं आणि त्याला चंदोबा म्हणायला सुरुवात केली.

तिथूनच कस्तुरीच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. अप्पा चंदोबाला शेजारी बसवून गोष्टी सांगत, त्याच गोष्टी, ज्या आजवर फक्त तिच्या होत्या. चहाच्या वेळी त्याच्यासमोरही कप ठेवत. तो पीत नसला म्हणून काय झालं, वास तरी घेऊ दे, असं त्यांचं म्हणणं. चंदूला वास घेता यायचा, आणि तो मान वाकवून इतक्या मनापासून घ्यायचा, की कस्तुरीला तो कप उचलून बाहेर भिरकावून द्यावासा वाटे. मग एका संध्याकाळी अप्पा सहज बोलावं तसं बोलून गेले, "कस्तू, यंदा चंदोबाला चालवू दे हं. देवकुळेबाई त्याची परीक्षा त्याच दिवशी घेणार आहेत. तुला काय, पुढच्या वर्षी आहेच."

कस्तुरी "बरं" म्हणाली आणि गॅरेजमागे जाऊन रडली. तिला चंदूचा हेवा वाटत होता. त्याच्या मऊ पावलांचा, न चुकणाऱ्या हातांचा, पण सगळ्यात जास्त अप्पांच्या शेजारच्या त्या खुर्चीचा. त्यामुळे चंदूच्या हातात बकुळेनं पहिल्यांदा हिसका दिला, तेव्हा कस्तुरीला जे काही वाटलं त्याला आनंद हाच शब्द आहे. बकुळा आपल्या बाजूची आहे, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं.

देवकुळेबाई म्हणजे चंदू ज्यांच्या हाताखाली घडला त्या शास्त्रज्ञ. त्यांची परीक्षा साधी होती. मागच्या सीटवर काठोकाठ भरलेलं पाण्याचं पातेलं ठेवायचं, दरीत उतरून परत यायचं, आणि पाणी ओंजळभरही सांडता कामा नये. परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, चंदूनं सराव केला आणि ओंजळीहून जास्त पाणी सांडलं. अप्पांनी कपाळाला हात लावला. चंदूच्या पायाचा दाब त्यांनी तपासून पाहिला होता, तो अगदी हलका आणि सारखा होता. मग धक्का येतो कुठून?

विचार करायला अप्पांना नेहमी काहीतरी फिरतं लागे. ते दोघांना घेऊन आवारातल्या बागेत गेले. तिथे एक लोखंडी चक्री होती, दांड्या धरून मुलं बसतात आणि दुसरं कुणीतरी फिरवतं, तसली. अप्पांनी चंदूला ती जोरात फिरवायला लावली आणि कस्तुरीला सांगितलं, उभ्या जागेवरून एकदम दांडी पकड. तिनं पकडली. खांदा निखळतो की काय असा हिसका बसला आणि ती चार पावलं फरपटली. मग अप्पा म्हणाले, आता चक्रीबरोबर धाव, तुमचा वेग एक झाला की मगच धर. ती धावली, धरलं, आणि काहीच झालं नाही. चक्रीवर बसल्याचंसुद्धा कळलं नाही.

"गिअर बदलतो तेव्हा पेटीत हेच होतं," अप्पा म्हणाले. "एक चकती एका वेगानं फिरत असते, दुसरी वेगळ्या. दोघींनी एकमेकींना धरायचं. एकदम घट्ट धरलं तर हिसका. फार हळू धरलं तर घासत राहतात आणि तापतात. किती जोरानं आणि किती वेळात धरायचं, सगळी विद्या तेवढ्यात आहे."

या चकत्यांच्या जोडीला क्लच म्हणतात (दोन फिरत्या भागांना जोडणारा आणि सोडणारा भाग), हे कस्तुरीला माहीत होतं. मामाच्या टेम्पोत तो डाव्या पायानं दाबावा लागे. बकुळेत हे काम तेल करतं, असं अप्पांनी समजावलं. पेटीतलं तेल दाबाखाली येतं आणि चकत्यांना एकमेकींवर दाबतं. शिवाय इंजिन आणि ही पेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो (इंजिनाचा जोर तेलातून पुढे पोचवणारा भाग). तो कसा चालतो ते बघायचं, तर दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवायचे आणि एकच चालू करायचा. त्याच्या वाऱ्यानं बंद पंख्याची पातीही फिरू लागतात. इथे वाऱ्याऐवजी तेल. म्हणूनच ब्रेक दाबून गाडी उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही.

"पण तेलाचा दाब किती ठेवायचा, हे कोण ठरवतं?" चंदूनं विचारलं.

अप्पा खूश झाले, आणि कस्तुरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण हाच प्रश्न तिच्या ओठांवर होता. ते ठरवतो एक छोटा संगणक, अप्पांनी सांगितलं. चालक वेगाचा पायडल कसा दाबतो आणि चकत्या एकमेकींना धरायला किती वेळ घेतात, यावर त्याचं सारखं लक्ष असतं. चकत्या घसरल्या तर पुढच्या वेळी तो दाब जरा वाढवतो, हिसका आला तर कमी करतो. असं करत करत तो चालकाच्या सवयी शिकतो. याला अनुकूलन म्हणायचं (आहे त्या परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलून घेणं).

कस्तुरीला हे ऐकून इतकं छान वाटलं, की ती हसली. वर्षभर बकुळा तीच तर चालवत होती. म्हणजे बकुळेनं तिला शिकून घेतलं होतं, आणि हा पुण्याचा पाहुणा तिला मानवत नव्हता. तिनं चंदूकडे असं बघितलं, की माणूस असता तर त्यानं मान खाली घातली असती.

अप्पांनी मग मोठ्या कष्टानं निर्णय सांगितला. गाडी त्याला वश होत नाही, म्हणजे चंदोबा अजून तयार नाही. संध्याकाळी ते देवकुळेबाईंना फोन करणार होते. चंदूच्या जागी पुण्यातला दुसरा यंत्रमानव चंद्रावर जाईल आणि चंदूचे भाग सुटे करून इतर कामांना वापरतील. उद्या बकुळा कस्तू चालवेल.

चंदू म्हणाला, ठीक आहे. फक्त कस्तुरी चालवत असताना एकदा मागे बसून बघायचं आहे, चंद्रावर जो जाईल त्याच्या उपयोगी पडेल. कस्तुरीला हवं ते सगळं मिळालं होतं, तरी तिचं समाधान होईना. आपण किती सफाईनं चालवतो हे अप्पांनी स्वतः अनुभवावं, असं तिला वाटलं. पातेलं माझ्याही वेळी ठेवा, असा तिनं हट्टच धरला. अप्पांनाही हुरूप आला. कित्येक महिन्यांनी ते गाडीत बसले, मागच्या सीटवर, मांडीवर भरलेलं पातेलं घेऊन. शेजारी चंदू, पुढे मामा.

कस्तुरीनं नेहमीसारखा पायडल दणकून दाबला. बकुळा भर्रकन सुटली. उतार लागला तसा तिनं गिअरचा दांडा 'डी'वरून (पुढे जाण्यासाठी) 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर टाकला. न्यूट्रलवर इंजिन आणि चाकं यांचा संबंध सुटतो आणि गाडी नुसती उतारानं घरंगळते. घाटातला प्रत्येक जुना ड्रायव्हर हेच करायचा, उतारावर इंजिनाला कशाला राबवायचं म्हणून, आणि मामानं तिला पहिल्याच आठवड्यात ही युक्ती दिली होती. दरीच्या तळाशी तिनं धावत्या गाडीत दांडा पुन्हा 'डी'वर आणला आणि चढाला पायडल परत दाबला. तिला कुठेही हिसका जाणवला नाही. वर पोचून तिनं अभिमानानं आरशात पाहिलं.

अप्पांचा लेंगा गुडघ्यांपर्यंत भिजला होता. पातेलं अर्धं रिकामं होतं. चंदूनं खालून दोन्ही हातांचा आधार दिलेला दिसत होता, तरीही.

मामा मागे वळून म्हणाला, "बघितलंत? ह्या पत्र्याच्या पोरानं चार दिवसांत गाडीची वाट लावली."

अप्पांनी लेंग्याचं टोक पिळलं. मग त्यांनी विचारलं, "कस्तू, तुला काय वाटतं?"

तिला नुसती मान हलवायची होती. तेवढ्यानं चंदू कायमचा गेला असता, आणि ओल्या लेंग्याचा दोषही त्याच्याच माथी बसला असता. अप्पांना दांडा दिसला नव्हता. चंदूला मात्र दिसला होता, तो तिच्या अगदी मागे बसला होता, आणि तो काहीच बोलत नव्हता. त्यानं चुगली केली असती तर तिला भांडता आलं असतं. तो नुसता अप्पांच्या पायांवरचं पाणी निपटत होता. कस्तुरीला त्याचा आजवर आला नव्हता एवढा राग आला, आणि त्या रागातच ती बोलून गेली, "अप्पा, मी उतारावर न्यूट्रल करते. रोजच. पेट्रोल वाचतं म्हणून."

पेट्रोल आता औषधासारखं मोजून मिळायचं. अप्पा त्यासाठी किती खेटे घालतात हे तिनं पाहिलं होतं, आणि एक दिवस ते म्हणतील, कस्तूनं बघा किती वाचवलं, या आशेवर ती वर्षभर दांडा मागेपुढे करत होती. हेही तिनं सांगितलं. सांगताना तिला हुंदका आला. मामा कानाची पाळी चोळत खिडकीबाहेर बघायला लागला.

अप्पा रागावले नाहीत. बराच वेळ शोधत असलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी चंदूला सांगितलं की पुढचं तूच सांग, तुझ्या लक्षात आलेलं दिसतंय.

चंदूनं सांगितलं ते असं. न्यूट्रलवर चकत्या एकमेकींना सोडून देतात. उतारावर चाकांचा वेग वाढतो आणि इंजिन मात्र हळू फिरत राहतं. अशा वेळी 'डी' केलं की हळू चकतीला वेगानं फिरणारी चकती धरावी लागते, कस्तुरीनं उभ्या जागेवरून चक्री धरली होती तशी. चकत्या घसरतात, तापतात. संगणकाला वाटतं आपला दाब कमी पडला, म्हणून पुढच्या वेळी तो जास्त दाबतो. असं रोज झालं. त्यात पायडल दणकून दाबायची सवय. बकुळेची पकड घट्ट होत गेली, आणि आता कुणी पायडल हलका दाबला तरी ती तितक्याच जोरानं चकत्या आवळते. चंदूच्या फेऱ्यांत हा दाब जरा उतरे, पण कस्तुरीच्या पुढच्या फेरीत परत चढे. म्हणून हिसका.

"मग मला का नाही बसत?" कस्तुरीनं डोळे पुसत विचारलं.

"बसतो. पण तू जोरात निघतेस, तुझी पाठ आधीच सीटला चिकटलेली असते. आणि धक्का केव्हा येणार हे तुझ्या पायाला अगोदर ठाऊक असतं. पातेल्याला ते ठाऊक नव्हतं."

आणि पेट्रोलचं म्हणाल, तर तेही वाचत नव्हतं. गिअरमध्ये ठेवून पायडल सोडला की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात आणि अशा गाड्यांचा संगणक पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल जाळावंच लागतं, वर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. जुन्या टेम्पोंची गोष्ट वेगळी होती, असं चंदूनं मामाकडे बघून सांगितलं. मामानं ते ऐकून घेतलं.

"म्हणजे बकुळा माझ्या बाजूची नव्हती," कस्तुरी म्हणाली.

"ती तुझ्यापासून स्वतःला सांभाळत होती," चंदू म्हणाला.

तो हे टोचून बोलला नव्हता, त्याला टोचून बोलता येतच नव्हतं. पण कस्तुरीला ते फार लागलं.

फोन करायचं राहून गेलं. मामानं पेटीतलं तेल काढलं, ते काळं झालं होतं आणि त्याला करपल्याचा वास येत होता. सुदैवानं चकत्या शाबूत होत्या. नवं तेल भरल्यावर अप्पांनी बकुळेच्या संगणकातल्या स्मृतीची एक प्रत काढून ठेवली आणि मग ती स्मृती पुसली. बकुळा आता कोरी होती. तिला नव्यानं शिकवायला शनिवारची दुपार तेवढी उरली होती. चंदूनं एकट्यानं ते केलं असतं, पण अप्पा म्हणाले की दोघांनी आळीपाळीनं चालवायचं, आणि आपण स्वतः पुन्हा मागे जाऊन बसले, कोरडा लेंगा घालून.

चंदू मामाच्या जागी, जास्तीचा ब्रेक सांभाळत, शेजारी बसून सांगणार आणि आपण ऐकणार, याहून मोठी शिक्षा कस्तुरीला सुचली नसती. तरी तिनं ऐकलं. इंजिन सुरू झाल्यावर थोडं थांबायचं, तेल गार असताना घट्ट असतं आणि दाब नीट बसत नाही. उलटं जाण्यासाठीच्या 'आर'वरून 'डी'वर येताना गाडी पूर्ण उभी राहू द्यायची. उतारावर 'एल' लावायचा (खालचा गिअर, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं). चढावर उभं राहताना आधी हातब्रेक ओढायचा आणि मगच 'पी' (उभं राहण्यासाठी) करायचं, नाहीतर सगळी गाडी पेटीतल्या एका बोटाएवढ्या खुंटीवर लटकते आणि निघताना कडकन आवाज होतो. पायडल तर असा दाबायचा, की खाली जणू पिकलेलं केळं आहे. पहिल्या फेऱ्यांना बकुळा चाचपडत होती. चौथा-पाचवा चढ चढताना कस्तुरी कुरकुरली, आता दुसरा गिअर पडायला हवा होता ना?

"पडला," चंदू म्हणाला. "मगाशीच."

मागून अप्पा म्हणाले, "शाबास चंदोबा." त्यांना वाटलं चंदूच चालवतोय. कस्तुरीला एकाच वेळी हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिनं त्यांची चूक दुरुस्त केली, जरा मोठ्यानंच. अप्पांनी पुढे हात लांबवून तिचा कान प्रेमानं पिळला.

रविवारी चंदूनं बकुळा चालवली. पातेल्यातलं पाणी काठावर नुसतं थरथरलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, देवकुळेबाईंनी चंदूच्या दुधी खांद्यावर थोपटलं, फोटो निघाले. कस्तुरी कडेला उभी होती. तेल बदललं की गाडीचा त्रास जातो, हेव्याचं तसं नसतं. ती टाळ्या वाजवत होती खरी, पण त्या तिच्यासाठी असत्या तर, हा विचार प्रत्येक टाळीबरोबर येत होता.

तेवढ्यात चंदूनं देवकुळेबाईंना एक विनंती केली. बकुळेची जुनी, घट्ट पकडीची स्मृती आणि कस्तुरीच्या कालच्या फेऱ्यांची नवी स्मृती, दोन्ही चंद्रावरच्या गाडीत भरायला हव्यात. बाईंना नवल वाटलं. तुझ्याइतकं अचूक चालवणारं कुणी नसताना तिच्या चुका कशाला न्यायच्या, असं त्यांनी विचारलं.

"तिथे माणसंही राहायला येणार आहेत," चंदू म्हणाला. "दमलेली, घाईतली. ती गाडी चालवतील आणि चुकतील. गाडीनं फक्त माझा पाय ओळखला, तर त्यांना ती हिसके देईल. पाय चुकतो कसा आणि मग सुधारतो कसा, हे मला येत नाही. ते कस्तुरीच्या पायात आहे."

बाईंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, विचारायचं तर तिला विचारा, पाय तिचा आहे. कस्तुरीनं विचारलं की त्या जुन्या स्मृतीवर माझं नाव असेल का. असेल, चंदू म्हणाला, दोन्हींवर. तिनं हो म्हटलं.

संध्याकाळी पाहुणे गेले, प्रयोगशाळेची गाडी चंदूला घेऊन गेली. सड्याच्या कडेवर चंद्र आला होता, दिवसाउजेडी दिसतो तसा, फिकट. कस्तुरी बकुळेच्या उघड्या दारात बसली आणि तिनं उजवा पाय पुढे धरून पाहिला. तांबड्या धुळीनं माखलेली चप्पल, नखाशी एक जुना ओरखडा. या पायाची चूकही पुढच्या वर्षी त्या चंद्रावर असणार होती आणि सुधारणाही. कुणी अनोळखी माणूस तिथला चढ चढेल, आणि गाडी त्याला सांभाळून घेईल. पाय वर पोचणार आणि आपण इथे शाळेत सहामाहीचे पेपर सोडवणार. पुष्कळ दिवसांनी तिला चंदूचा हेवा वाटेनासा झाला होता. आता तिला स्वतःच्याच पायाचा हेवा वाटत होता.